गूगल स्कॉलर १९, स्कोपस १३, वेब ऑफ सायन्स ११: अर्जात कुठला एच इंडेक्स लिहायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाई शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मायक्रोबायोलॉजीच्या सहयोगी प्राध्यापक आहेत. १७ वर्षांत ४६ पेपर झाले. सायटेशन म्हणजे इतर पेपरांनी आपल्या पेपरचा केलेला उल्लेख, एच इंडेक्स १३ म्हणजे किमान १३ सायटेशन असलेले १३ पेपर, आणि ही मोजणी करणारे डेटाबेस तीन आहेत. गूगल स्कॉलरवर ११८० सायटेशन आणि एच इंडेक्स १९ दिसतो, स्कोपसवर ६४० आणि १३, वेब ऑफ सायन्सवर ५१० आणि ११. एक अर्ज प्रोफेसरपदाचा, दुसरा संशोधन अनुदानाचा. कुठला आकडा लिहायचा, आणि १३ लिहिला तर काम लहान दिसेल का?

आधी उत्तर देतो. अर्जात विशिष्ट डेटाबेस मागितला नसेल तर स्कोपसचा आकडा लिहा, त्याला चिकटून तारीख लिहा, आणि स्वतःच्या पेपरांनी स्वतःलाच दिलेली सायटेशन वगळून येणारा आकडाही लिहा. उदाहरणार्थ: 'स्कोपस, ३० जून रोजी पाहिले: ४१ पेपर, ६४० सायटेशन, एच इंडेक्स १३, स्व-सायटेशन वगळून १२.' गूगलचा १९ लिहायला हरकत नाही, पण तो गूगलचा आहे असं स्पष्ट लिहून, आणि स्कोपसच्या खाली. नुसतं 'एच इंडेक्स १९' लिहिलेला अर्ज तपासणारा माणूस दोन मिनिटांत स्कोपस उघडतो, तिथे १३ दिसतो, आणि मग उरलेल्या अर्जाकडेही तो संशयाने बघू लागतो. हे नुकसान सहा अंकांच्या फायद्यापेक्षा कितीतरी मोठं आहे.

तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच खुली केलेली हस्तलिखितं), परिषदेच्या पुस्तिका, कॉलेजच्या साइटवर ठेवलेल्या पीडीएफ असं सगळं मोजतं. स्कोपस निवडलेली जर्नलं मोजतं. वेब ऑफ सायन्सची मुख्य यादी त्याहून आवळलेली असते, आणि तुम्हाला तिथे काय दिसतं हे तुमच्या संस्थेने कुठल्या वर्षांपासूनचा भाग विकत घेतला आहे यावरही ठरतं. त्यामुळे दोन कॉलेजांतून एकाच माणसाचा आकडा वेगळा दिसू शकतो.

पण आकडा लिहिण्याच्या आधी यादी स्वच्छ करायला हवी, आणि खरं काम तिथेच आहे. आपल्याकडच्या नावांमुळे ते जास्तच किचकट होतं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी आपली पद्धत. लग्नानंतर मधलं नावही बदलतं आणि आडनावही. म्हणजे २००८ साली 'जोशी एसव्ही' असलेली व्यक्ती २०१२ पासून 'कुलकर्णी एसआर' होते, मधल्या दोन पेपरांवर 'जोशी-कुलकर्णी एस' असते, आणि कुठल्याही संगणकाला ही एकच बाई आहे हे कळायला मार्ग नसतो. स्कोपस तिच्या तीन ओळखी बनवतं. एच इंडेक्स त्या तिघींत वाटला जातो. आणि वाटलेल्या एच इंडेक्सची बेरीज करता येत नाही, हे लक्षात घ्या: ७, ६ आणि ३ असे तीन तुकडे जोडले की १६ होत नाहीत; पेपर एकत्र करून पुन्हा मोजावं लागतं.

उलटा गोंधळही होतो. विंचूदंशावर काम करणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांचं काम पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या अमेरिकी शोधयादीत, शोधून बघा. 'बावसकर एचएस' टाकलं की यादी बऱ्यापैकी स्वच्छ मिळते, कारण आडनाव विरळ आहे. 'बावसकर पीएच' टाकलं की मात्र दोन माणसं एकत्र येतात, पत्नी आणि मुलगा, कारण दोघांची आद्याक्षरं तीच आहेत. काही पेपरांवर हे दोन्ही पीएच शेजारी शेजारी छापलेले आहेत. विरळ आडनावात ही गत, तर 'पाटील एस' किंवा 'शिंदे ए' यांचं काय होत असेल ते बघा. पबमेडमध्ये पूर्ण नावाने शोध साधारण २००२ नंतरच्या पेपरांनाच लागू पडतो. त्याआधी फक्त आद्याक्षरं आहेत. म्हणून नावाच्या शोधावर कधीही विसंबू नका, प्रत्येक पेपर डीओआय (पेपरचा कायमचा क्रमांक) आणि पीएमआयडी (पबमेडमधला क्रमांक) यांनी ओळखा.

संस्थेच्या नावाचंही तसंच. बी. जे. मेडिकल कॉलेज पुण्यातही आहे आणि अहमदाबादेतही, आणि दोन्हीकडे बी. जे. म्हणजे बैरामजी जीजीभॉयच. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज कुणी तसं लिहितं, कुणी 'ग्रँट गव्हर्नमेंट', कुणी नुसतं 'सर जे. जे. हॉस्पिटल'. पत्त्यात शहर आणि पिनकोड न लिहिण्याची सवय इथे महागात पडते.

साफसफाईचा क्रम असा ठेवा. सुरुवात ऑर्किडपासून. संशोधकाची ओळख पटवणारा हा सोळा अंकी क्रमांक २०१२ पासून मिळतो, फुकट आहे, आणि शेवटचा अंक काही जणांच्या बाबतीत एक्स हे अक्षर असतं, ती चूक नव्हे. त्यात 'या नावांनीही ओळखले जाते' असा रकाना आहे. माहेरचं, सासरचं, आद्याक्षरांचं, छापून आलेलं प्रत्येक रूप तिथे टाका. दोन ईमेल नोंदवा, त्यातला एक खासगी. शासकीय सेवेत बदली झाली की कॉलेजचा ईमेल बंद पडतो आणि प्रोफाइलची किल्ली त्याच्याबरोबर जाते. गूगल स्कॉलरच्या बाबतीतही हाच धोका आहे. नोंदी 'सर्वांना दिसतील' अशा करा. कित्येक ऑर्किड पानं आतून भरलेली आणि बाहेरून कोरी असतात ती याच सेटिंगमुळे.

मग स्कोपसमध्ये लेखक म्हणून स्वतःला शोधा, नावाच्या सगळ्या रूपांनी. जितक्या ओळखी तुमच्या निघतील तितक्या निवडून एकत्र करण्याची विनंती पाठवा, परक्याचे पेपर काढायला सांगा, आणि शेवटी ऑर्किड जोडा. विनंती मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून अर्जाच्या आदल्या आठवड्यात हे काढू नका. वेब ऑफ सायन्सवर स्वतःच्या प्रोफाइलवर दावा करता येतो.

गूगल स्कॉलरवर एक सेटिंग आधी बदला: नवे लेख आपोआप जोडण्याऐवजी 'ईमेलने विचारा' हा पर्याय घ्या. आपोआप जोडणं चालू राहिलं की त्याच आडनावाच्या एखाद्या इंजिनिअरचा पेपर तुमच्या नावावर येतो, आणि तो बरेच जण अजाणता वर्षानुवर्षं मिरवतात. नंतर यादी शीर्षकानुसार लावून बघा. परिषदेतला सारांश आणि पुढे छापलेला पेपर अशा जोड्या सापडतील. दोन्हींवर खूण करून एकत्र करा. सायटेशनच्या आकड्याशेजारी चांदणी दिसली तर तिथे एकत्रीकरण नीट बसलेलं नसू शकतं, ती नोंद उघडून तपासा.

हे झालं की एक साधी एक्सेल बनवा. एका ओळीत एक पेपर. रकाने: डीओआय, पीएमआयडी, वर्ष, प्रकार (मूळ संशोधन, रिव्ह्यू, केस सिरीज, केस रिपोर्ट, पत्र), एकूण लेखक, तुमचा क्रमांक, कॉरस्पाँडिंग (पत्रव्यवहार सांभाळणारा लेखक) आहात का, तुम्ही नेमकं काय केलं, छापलं त्या वर्षी जर्नल कुठे इंडेक्स्ड होतं (कुठल्या डेटाबेसच्या यादीत होतं), स्कोपस सायटेशन, आणि दुरुस्ती किंवा रिट्रॅक्शनची (पेपर मागे घेतल्याची) नोंद. ४६ पेपरांना एक शनिवार पुरतो. पुढचे सगळे अर्ज याच एका पानावरून निघतात.

'छापलं त्या वर्षी' हे शब्द मुद्दाम लिहिले आहेत. स्कोपस जर्नलं घेतं तशी काढतंही. जर्नलच्या पानावर कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत ते घेतलं होतं हे लिहिलेलं असतं. तुमचा पेपर त्या काळातला असेल तर जर्नल पुढे वगळलं गेलं म्हणून तो बाद ठरू नये, पण हे दाखवायची जबाबदारी तुमची. पेपर प्रसिद्ध होईल त्या दिवशी त्या पानाची तारखेसकट पीडीएफ करून ठेवा.

पदोन्नतीच्या अर्जात सायटेशनपेक्षा हा रकाना आणि लेखक-क्रमांकाचा रकाना निर्णायक असतो. वैद्यकीय शिक्षकांच्या पात्रतेच्या नियमांत २०२० साली झालेल्या बदलात मूळ संशोधन, मेटा-ॲनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि केस सिरीज एवढंच धरलं गेलं, लेखक पहिल्या तिघांत किंवा कॉरस्पाँडिंग असावा अशी अट आली, आणि २०१५ च्या यादीत असलेला इंडेक्स कोपर्निकस हा डेटाबेस गळला. एकट्या रुग्णाचा केस रिपोर्ट त्यात नव्हता. हे नियम बदलत राहतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी लागू असलेली अधिसूचना स्वतः उघडून वाचा. सहकाऱ्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका.

इथे एक गैरसमज सतत आढळतो. 'पबमेडवर दिसतं' आणि 'मेडलाइनमध्ये आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पबमेड ही मोठी खिडकी. तिच्यातून मेडलाइन, म्हणजे निवडलेल्या जर्नलांची यादी दिसते, आणि पबमेड सेंट्रल, म्हणजे पूर्ण लेखांचा खुला साठाही दिसतो. अनुदान देणाऱ्या संस्थेच्या अटीमुळे एखाद्या लेखकाने आपलं हस्तलिखित पबमेड सेंट्रलमध्ये ठेवलं, की जर्नल सुमार असलं तरी तो एक लेख पबमेडवर झळकतो. जर्नल मेडलाइनमध्ये आहे की नाही हे अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या कॅटलॉगमध्ये जर्नलच्या नावाने बघायचं. आणि 'गूगल स्कॉलर इंडेक्स्ड' ही जर्नलने केलेली जाहिरात असेल तर ती पात्रता नव्हे. गूगल स्कॉलरमध्ये जवळपास काहीही येतं.

आता आकड्यांचा अर्थ. एच इंडेक्स २००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा: ८४, ४१, ३०, २२, १५, ११, ९, ८, ८, ६, ४. आठव्या जागेवर ८ आहेत, नवव्या जागेवर ९ नाहीत, म्हणून एच इंडेक्स ८. आता पहिल्या पेपरला ८४ ऐवजी ८४०० सायटेशन द्या. एच इंडेक्स ८ च राहतो. त्याच्या स्वभावातच हे आहे: सातत्य दिसतं, शिखर दिसत नाही. शिवाय तो कधी कमी होत नाही, म्हणजे वय वाढेल तसा वाढतो. हिर्शनेच त्याला पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी भागायला सुचवलं होतं. तुमच्या बाबतीत १३ भागिले १७, म्हणजे ०.७६. मध्ये बाळंतपणाची किंवा निव्वळ रुग्णसेवेची वर्षं असतील तर ती अर्जात सरळ लिहा. अनुदान देणाऱ्या बऱ्याच संस्था ती विचारात घेतात.

शिखर न दिसण्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच देशातलं आणि तुमच्याच विषयातलं आहे. कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५३ मध्ये सहकाऱ्याबरोबर सशाच्या आतड्याचा बांधलेला तुकडा वापरून कॉलऱ्याचा प्रयोग बसवला, आणि १९५९ मध्ये 'नेचर'मध्ये एकट्याच्या नावाने दोन पानांचा पेपर छापला: जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही आतड्यात पाणी भरतं, म्हणजे कॉलऱ्याचे जंतू बाहेर विष सोडतात. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी कॉलऱ्याच्या विषावरचा आपला पेपर छापला. पुढे १९६९ मध्ये ते विष शुद्ध स्वरूपात वेगळं केलं गेलं आणि मग या पेपरांकडे जगाची नजर वळली. डे १९७३ मध्ये निवृत्त झाले. स्टॉकहोमच्या नोबेल परिसंवादाचं आमंत्रण त्यांना १९७८ मध्ये आलं. १९८६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, त्यांच्या कामाच्या प्रभावावर सविस्तर लिहिलं ते युजीन गारफील्ड यांनी, ज्यांनी सायन्स सायटेशन इंडेक्स उभा केला त्याच माणसाने. १९६५ साली डे यांच्या समोर एखादी निवड समिती आकडे मांडून बसली असती तर तिला यातलं काहीही दिसलं नसतं. आजही स्कोपसवर हा पेपर उघडला तर आकडा अपुरा दिसणार, कारण तिथे संदर्भयाद्या मुख्यतः १९७० पासूनच्या आहेत. साठच्या दशकात कुणी उल्लेख केला ते त्यात येत नाही. 'डे एसएन' हे इंग्रजीत दोन अक्षरी आडनाव शोधताना काय होतं ते वेगळं सांगायला नको.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल. तो जर्नलचा असतो, तुमचा नाही. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन भागिले त्या दोन वर्षांतल्या मोजण्याजोग्या लेखांची संख्या, एवढंच त्याचं गणित. 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए' या जर्नलचा फॅक्टर २ च्या आसपास असायचा. २००९ चा आला ४९.९२६. जर्नल रातोरात पंचवीसपट चांगलं झालं नव्हतं. २००८ मध्ये शेल्ड्रिक यांचा शेलएक्स या सॉफ्टवेअरवरचा एकच लेख तिथे आला होता आणि ते वापरणारा प्रत्येक जण तो उद्धृत करत होता. त्या अंकात शेजारी छापलेल्या लेखकालाही ४९.९२६ लावायचे का? पेर सेग्लेन यांनी १९९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवलं होतं की जर्नलच्या निम्म्या सायटेशन साधारण १५ टक्के लेखांना मिळतात. म्हणून 'एकूण इम्पॅक्ट फॅक्टर' नावाची जी बेरीज आपल्याकडच्या फॉर्मांत मागतात तिला अर्थ नाही. रकाना आहे तर भरावा लागतो. प्रत्येक पेपरसमोर त्याच्या प्रसिद्धीच्या वर्षाचा क्लॅरिव्हेटचा (वेब ऑफ सायन्स चालवणारी कंपनी) आकडा घ्या आणि वर्ष लिहा. 'ग्लोबल इम्पॅक्ट फॅक्टर' वगैरे नावांचे आकडे चुकूनही घेऊ नका, त्यांच्यामुळे बाकीची यादीही डागाळते.

अनुदानाच्या अर्जासाठी मात्र पेपरागणिक तुलना करणारं साधन वापरा. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं आयसाइट फुकट आहे. पबमेडवर आपली यादी करा, 'सेव्ह'मध्ये पीएमआयडी हा प्रकार निवडून फाइल उतरवा, ती आयसाइटमध्ये चढवा. प्रत्येक पेपरसमोर सापेक्ष सायटेशन गुणोत्तर येतं. त्यात पेपरची तुलना त्याच्याबरोबर उद्धृत होणाऱ्या पेपरांच्या क्षेत्राशी होते, आणि १.० म्हणजे एनआयएचच्या पैशातून झालेला मधला पेपर. हा मापदंड अमेरिकेचा आहे, हे विसरू नका. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने १९५७ मध्ये शोधलेल्या क्यासनूर जंगल रोगावर काम करणारे जगात मूठभर आहेत, तिथे ०.६ आला तर तो हलका समजू नये. त्याच तक्त्यात क्लिनिकल सायटेशनचा रकाना आहे, म्हणजे किती क्लिनिकल ट्रायल किंवा मार्गदर्शक सूचनांनी तुमचा पेपर वापरला. वैद्यकीय संशोधकासाठी हा रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि तोच लोक बघत नाहीत. मायक्रोबायोलॉजीत प्रतिजैविकांच्या परिणामकारकतेवरचा एखादा साधा पेपर तिथे अनपेक्षितपणे वर आलेला सापडतो.

शेकडो लेखकांचा एखादा जागतिक अभ्यास तुमच्या यादीत असेल तर तो वेगळा काढून दाखवा. ६४० पैकी २९० सायटेशन त्या एका पेपरच्या असतील तर लपवू नका. 'बहुराष्ट्रीय अभ्यास, सातशेपैकी एक लेखक, काम: आमच्या केंद्रातली माहिती' असं लिहा आणि उरलेल्या ३५० वर उभे राहा. स्टॅनफर्डच्या नावाने दर वर्षी जी दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी गाजते, जॉन इओनिडिस यांची, तिच्या सूत्रातसुद्धा सहापैकी तीन घटक एकटा, पहिला आणि शेवटचा लेखक यांच्या पेपरांचे आहेत, आणि एक घटक सहलेखकांच्या संख्येने पातळ केलेला एच इंडेक्स आहे. लेखक-क्रमांकाला तिथेही वजन आहे.

पाच पेपर निवडून प्रत्येकावर चार ओळी लिहायला सांगतात तेव्हा बरेच जण तिथे पुन्हा जर्नलचं नाव आणि फॅक्टर लिहून मोकळे होतात. तसं करू नका. बावसकरांचा २०११ चा ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला पेपर घेऊन नमुना दाखवतो. 'प्रश्न: विंचूदंशात प्राझोसिन या औषधाच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सावरतो का. काम: महाडला ७० रुग्ण, ३५-३५ चे दोन गट, चिठ्ठी पद्धतीसारखी यादृच्छिक विभागणी. निष्कर्ष: १० तासांत प्रतिविषाच्या गटातले ३२ पूर्ण बरे, नुसत्या प्राझोसिनच्या गटातले ८. कुणाच्या उपयोगाचा: ग्रामीण रुग्णालयात दंश पाहणाऱ्या प्रत्येक डॉक्टरच्या.' यात एकही सायटेशन नाही, तरी वाचणाऱ्याला काम कळतं. मग पाचवी ओळ सायटेशनची, डेटाबेस आणि तारीख यांच्यासह. आणि सहावी, मिळाली तर, पेपर कुठे वापरला गेला त्याची: राज्याच्या उपचार-सूचनेत, पाठ्यपुस्तकात, एखाद्या अँटिबायोटिक धोरणात. सरकारी पुस्तिका स्कोपस मोजत नाही, त्यामुळे हे हातानेच शोधावं लागतं. शीर्षकाचे पाच-सहा शब्द अवतरणात घालून, पुढे 'गाइडलाइन' जोडून शोधा. सापडलेल्या पुस्तिकेचं नाव, वर्ष आणि पान क्रमांक एक्सेलमध्ये टिपून ठेवा.

शेवटचा हात रिट्रॅक्शनवर. स्वतःचे सगळे डीओआय रिट्रॅक्शन वॉचच्या, म्हणजे मागे घेतलेल्या पेपरांच्या, डेटाबेसमध्ये तपासा. २०२३ पासून तो डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडे आहे आणि खुला आहे. आपला सहलेखक असलेला पेपर मागे घेतला गेला आणि आपल्याला कळलंच नाही, असं घडतं. तसा पेपर असेल तर यादीतून गुपचूप काढू नका, 'मागे घेतलेला' अशी खूण करून मोजणीतून वगळा आणि सायटेशनचे आकडे त्याच्याशिवाय पुन्हा काढा. तुमच्या ४६ पैकी स्कोपसवर ४१ च का दिसतात याचंही उत्तर एका ओळीत तयार ठेवा: उरलेले पाच कुठल्या जर्नलांत आहेत आणि ती कुठे इंडेक्स्ड आहेत. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो.